हसण्यासाठी सोडलेली जागा

आईचे रुमाल मी पुन्हा एकदा धुवायला काढले होते, तेव्हा फोन आला. रुमाल मळलेले नव्हते. आई गेल्यापासून मला एका जागी बसता येत नव्हतं, आणि हाताला चाळा म्हणून घरात दुसरं काही उरलं नव्हतं. भांडी घासून झाली होती, कपाटं आवरून झाली होती, आवरलेली कपाटं उपसून पुन्हा लावून झाली होती. पुस्तक उघडलं की पान संपायच्या आत मी खिडकीशी असायचे, आणि खिडकीशी गेले की वाटायचं, गॅस चालू राहिला असेल.

फोनवरच्या बाई हळू आवाजात बोलत होत्या. "मी जुन्या फिल्म दुरुस्त करते," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईंच्या गाण्याचं काम संपलंय. कार्यक्रमात दाखवण्याआधी घरच्या कुणीतरी एकदा नजर टाकावी, असं वाटलं."

कार्यक्रम आईच्या आठवणीसाठी होता. शहरातल्या एका चित्रपट मंडळाने ठरवलेला. आईची बरीचशी गाणी कुठल्या कुठल्या गोदामांत चिकटून, वितळून गेली होती. एकच गाणं धड सापडलं होतं. ते दुरुस्त करून मोठ्या पडद्यावर दाखवायचं आणि मग ती प्रत कायमची जपून ठेवायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

"येते," मी म्हटलं. कधी यायचं ते विचारलंही नाही. हात पुसले आणि निघाले.

आईला लोक भिंगरी म्हणायचे. पडद्यावरच्या यादीत तिचं नाव नायक, नायिका, खलनायक, नायिकेचे वडील, या सगळ्यांच्या खाली यायचं. पण थिएटरातून बाहेर पडणारी माणसं गुणगुणायची ती तिचं गाणं. ती नायिका कधीच झाली नाही. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तुला नायिका व्हायचं नव्हतं का?

"झाले असते की," ती म्हणाली. "पण रडताना माझे डोळे नंतर भरतात, नाक आधी सुजतं. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्येसुद्धा दिसतं ते."

तिचं गाणं चित्रपटात कुठे असायचं हेही ठरलेलं होतं. नायिकेचं दुःखी गाणं झालं की लगेच. "ती रडली की लोक चहाला उठतात," आई सांगायची. "मला त्यांना दारातून परत फिरवायचं असतं. एक पाय बाहेर गेलेला माणूस परत आत आला पाहिजे. हीच माझी नोकरी."

या नोकरीत ती शिरली ती मावशीमुळे. मावशी तिची मोठी बहीण, स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची. आई रोज तिचा डबा घेऊन जायची. एक दिवस कोरसमधली एक मुलगी आली नाही आणि तिचा झगा रिकामा राहिला, म्हणून मावशीने डबा आणणाऱ्या बहिणीलाच त्यात उभं केलं. झगा ढगळ. तो मागून टाचण्यांनी आवळला. नाच सुरू झाला आणि सगळ्या मुली डावीकडे झुकल्या, तेव्हा एक टाचणी आईला अशी टोचली की ती एकटीच सरळ वर उडाली. दिग्दर्शक तिला हाकलणारच होता. पण वर लाइट धरून बसलेली माणसं हसत होती. आई म्हणायची, लाइटवाले हसले की समजावं. त्यांनी सगळं पाहिलेलं असतं आणि त्यांना घरी जायचं असतं.

"तिचं सगळं नाव माझ्या एका टाचणीवर उभं आहे," मावशी अजूनही सांगते. "लोक गुरू करतात. हिने टाचणी केली."

टाचणीचा संबंध पुढेही सुटला नाही. नवं गाणं मिळालं की आई आधी कपडेपटात जायची. मावशी माप घेऊन कापड आवळत असायची, ओठांत टाचण्यांची रांग. आई तिच्यासमोर उभी राहून गाणं म्हणायची. तोंडात टाचण्या असताना हसता येत नाही. हसायचंच झालं तर आधी त्या काढाव्या लागतात, तळहातावर धराव्या लागतात, मग हसावं लागतं आणि मग एकेक करून परत ओठांत ठेवाव्या लागतात. मावशीने टाचण्या काढल्याच नाहीत, तर ती ओळ आई टाकून द्यायची. काढल्या, तर आई हातातला रुमाल घडी घालायला घ्यायची. अर्धा, मग चौपदरी, मग कडेवरून बोट. मावशीच्या शेवटच्या टाचणीपर्यंत जेवढी घडी होईल तेवढी जागा गाण्यात मोकळी सोडायची.

"तुझ्या विनोदापायी एक दिवस टाचणी गिळीन मी," मावशी ओरडायची.

"गिळ. पण ओळ संपल्यावर गिळ."

नाटकात हे सोपं असतं. लोक हसतात, नट थांबतो, हसू ओसरलं की पुढे बोलतो. चित्रपटाला थांबता येत नाही. लोक कधी, किती हसतील ते आधीच ओळखून तेवढी जागा कोरी ठेवावी लागते. कमी ठेवली तर पुढचा शब्द हशात बुडतो. जास्त ठेवली तर हसणारा माणूस ओशाळतो. गाणं आधी ध्वनिमुद्रित व्हायचं, चित्रीकरण नंतर. म्हणजे मायक्रोफोनसमोर, जिथे हसायला चिटपाखरू नाही अशा बंद खोलीत, आई रुमालाची घडी घालत उभी राहायची आणि सगळे वादक श्वास धरून बसायचे. संगीतकार चिडायचा. "बाई, हे गाणं आहे की श्रद्धांजली?"

"तुम्ही थांबा हो," आई म्हणायची. "माणसं येतील."

माझे बाबा त्या वादकांत क्लॅरिनेट वाजवायचे. बाकीचे संगीतकाराच्या हाताकडे बघायचे, बाबा आईच्या रुमालाकडे. म्हणून त्यांचा पुढचा सूर कधी चुकायचा नाही. लग्न त्यातूनच जमलं, असं आई सांगायची. बाबा काहीच सांगायचे नाहीत. ते मुळातच कमी बोलायचे, आणि लवकर गेले.

पुढे विनोदी गाणी चालेनाशी झाली. आईला भांडखोर शेजारीण मिळाली, मग बहिरी आत्या, मग नुसतं घसरून पडायचं काम. "गाणं नको, तुम्ही फक्त पडा," असं एका दिग्दर्शकाने सांगितलं. ती पडली. छान पडली. घरी येऊन कमरेला बर्फ लावत म्हणाली, "पडल्यावर थांबू देत नाहीत गं. लगेच पुढचं सुरू करतात. लोक हसणार कुठे?" त्यानंतर तिने काम सोडलं. पण थांबायची सवय सुटली नाही. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी, डॉक्टरांशी बोलताना ती एक वाक्य टाकायची आणि वाट बघायची. हातात रुमाल असायचाच.

दवाखान्यात शेवटी शेवटी ती चादरीचा कोपरा घेऊन घडी घालायची. अर्धा, चौपदरी, कडेवरून बोट. नर्स म्हणाली, अस्वस्थपणा आहे, या आजारात हात असे चालतात. असेलही. पण एकदा ती माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली, मला ते नीट कळलं नाही, आणि मग तिने चादरीची पूर्ण घडी घातली. बोट फिरवलं. मी वाट पाहिली. पुढचा शब्द आला नाही.

फिल्म दुरुस्त करणाऱ्या बाईंची खोली एका इमारतीच्या तळघरात होती. खोलीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. जुनी फिल्म कुजू लागली की असा वास येतो, त्यांनी सांगितलं. त्यांच्या हातांत पांढरे मोजे होते. मंडळाचे अध्यक्षही आले होते. ते पेशाने दंतवैद्य.

"लोकांची उघडी तोंडं बघण्यात माझा जन्म गेला," त्यांनी ओळख करून दिली. "त्यातलं एकही हसत नसतं. म्हणून हे मंडळ."

त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसले आणि उठले. बाईंनी गाणं सुरू केलं.

चित्रपटात आई नायिकेच्या घरची मोलकरीण आहे. नायिका पलंगावर पालथी पडून रडते आहे आणि तिला हसवायला आई आरसा पुसता पुसता आपल्याला मागणी घालायला कोण कोण आलं ते सांगते. मी हे गाणं किती वर्षांनी पाहत होते कोण जाणे. चित्र इतकं स्वच्छ झालं होतं की तिच्या एप्रनवरची मावशीची शिवण दिसत होती.

*एक आला घोड्यावरून, म्हणे होशील का राणी?*
*म्हटलं बसा, आत जाऊन घेऊन येते पाणी.*
*पाणी घेऊन बाहेर आले, दारात कोणीच नाही,*
*घोडा तेवढा थांबला!*

गाणं पुढे पळालं. दुसरा मोटारीतून आला, त्याला तिच्यापेक्षा तिने पुसलेला आरसाच जास्त आवडला. तिसरा आला. गाणं संपलं. अध्यक्षांनी हलक्या टाळ्या वाजवल्या.

मला धाप लागल्यासारखं झालं. पडद्यावरची बाई आईच होती, आवाज तिचाच होता, पण ती कुणीतरी मागे लागल्यासारखी बोलत होती. आई अस्वस्थ होती, आयुष्यभर होती. घरात खुर्च्या इकडच्या तिकडे करायची, जेवताना दोनदा उठायची. फक्त गाण्यात ती कधी घाई करत नसे.

"जागा कुठे गेल्या?" मी विचारलं.

"कसल्या जागा?"

"ती थांबते तिथे. 'दारात कोणीच नाही' म्हटल्यावर. तीन ठिकाणी थांबते."

बाईंनी मान डोलावली. त्यांना लगेच कळलं. "आवाजाची निगेटिव्ह वेगळी मिळाली, ती पूर्ण आहे," त्या म्हणाल्या. "पण चित्र एका थिएटरच्या वापरलेल्या प्रिंटवरून घेतलंय. ते नेमकं तीन ठिकाणी फाटलं होतं. फाटलेला भाग कापून ऑपरेटरने दोन टोकं जोडून टाकलेली. चित्र नाही आणि आवाजातही नुसती खरखर. मला वाटलं, ध्वनिमुद्रण मध्येच थांबलं असेल. म्हणून आवाजही तिथे जुळवून घेतला." मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बाकी प्रिंट बरी होती. याच तीन ठिकाणी का फाटली, ते काही मला उमगलं नाही."

ते मला माहीत होतं. आईनेच सांगितलं होतं. लोक हसून हसून 'वन्स मोअर' ओरडायचे, ऑपरेटर मशीन थांबवायचा, रीळ मागे घ्यायचा आणि तेवढाच तुकडा पुन्हा चालवायचा. रोज, प्रत्येक खेळाला. हसू आलं तिथेच फिल्म झिजली होती आणि तिथेच फाटली होती.

मी हे सांगितल्यावर बाईंनी हातातले मोजे काढले. "म्हणजे मी दुरुस्ती म्हणून हसूच कापलं," त्या म्हणाल्या.

"जागा परत घालता येतील?"

"आवाजात येतील. तो माझ्याकडे आहे. पण पडदा काळा राहील. तिथे चित्रच नाही." थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "त्यांचा एखादा फोटो लावू का? नाहीतर आधीचीच चौकट गोठवून ठेवते."

गोठवून. मी नको म्हटलं. भिंगरी थांबली की भिंगरी राहत नाही, नुसता लाकडाचा तुकडा होतो. ती त्या जागेत उभी नसायची, घडी घालत असायची. तिथे ती नसेल तर नसू दे. पण स्तब्ध आई मी एकदा पाहिली होती, पुन्हा पडद्यावर नको होती.

"मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "हॉलमध्ये काळोख झाला की लोक आधी मोबाइल काढतात, मग पायात चपला घालतात. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही ते समजतील, मशीन बिघडलं. आणि समजा कुणीच हसलं नाही? तीनदा काळोख, तीनदा शांतता. तुमच्याच आईची फजिती व्हायची."

हे मलाही भेडसावत होतं. आईच्या धंद्यात याहून वाईट काही नव्हतं. गाण्यात सोडलेली जागा रिकामी राहिली की ती घरी येऊन जेवायची नाही.

"हे बघा," अध्यक्षांचा आवाज मऊ झाला, "जपून ठेवायची प्रत एकच. पुन्हा पुन्हा काम करायला आमच्याकडे माणसं नाहीत. तुमच्या म्हणण्याप्रमाणे जागा घालून दाखवू. हॉलमध्ये चाललं तर तीच प्रत ठेवू. नाही चाललं, तर आत्ताची जोडलेली. चालेल?"

मी चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? जोडलेली प्रत राहिली असती, तर पुढे जो कोणी बघेल त्याला भराभर ओळी म्हणणारी एक बाई दिसली असती आणि तो म्हणाला असता, त्या काळी लोक कशालाही हसायचे. आईने काय केलं होतं ते कोणालाच कळलं नसतं. तिने जे केलं ते त्या जागांतच होतं. बाकीचे शब्द तर कवीचे होते.

कार्यक्रमापर्यंतचे दिवस मी चालत काढले. बँकेत, बाजारात, काम नसलेल्या रस्त्यांवर. एका दुपारी मावशीकडे गेले. मावशी आता खूप म्हातारी आहे आणि तिला ऐकू येत नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगते. नको ते ऐकू येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. मी जिन्यात असतानाच ती आतून ओरडली, "चपला दाराबाहेर काढ, फरशी पुसलीय!"

मी तिला सगळं सांगितलं. ती खोकल्याची गोळी चघळत ऐकत होती. सांगताना मी खोलीत येरझारा घालत होते.

"बस की गं जरा," ती म्हणाली. "अगदी आईवर गेलीस. तिला बाळंतपणात डॉक्टरने झोपून राहा म्हटलं, तर खाटेसकट हलायची."

"मावशी, काळोखात लोक हसतील का?"

"काय?"

"काळोखात. हसतील का?"

तिने बराच वेळ गोळी या गालातून त्या गालात केली. "पहिल्या खेळाला मला पुढे बसवायची ती," ती म्हणाली. "माहितेय तुला? दर वेळी. म्हणायची, ताई, तू फक्त बस. मी बसायचे. माझं हसू घोड्यासारखं. मी हसले की मागचे माझ्या हसण्याला हसायचे, आणि मग गाण्याला. कुणीतरी सुरुवात करावी लागते. लोक लाजतात." मग म्हणाली, "मला नेशील ना? पुढे बसव. मला ऐकू येत नाही."

हॉल भरला होता, पण निम्म्याहून जास्त माणसं अशी होती की ज्यांनी आईचं नाव आमंत्रणावरच पहिल्यांदा वाचलं असावं. मावशीला मी पहिल्या रांगेत बसवलं, तिची शाल सारखी केली, पिशवी पायाशी ठेवली, पिशवी उचलून मांडीवर दिली. "जा बाई तू," ती म्हणाली, "मला चक्कर येतेय तुझ्याकडे बघून." माझी खुर्ची तिच्या शेजारी होती. मी मागे भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

भाषणं झाली. एका वक्त्याने आईचा उल्लेख 'हास्याचा झरा' असा केला आणि कोणीही हसलं नाही. मग दिवे मालवले.

आई पडद्यावर आली. हातात फडकं, समोर आरसा, मागे रडणारी नायिका. घोडेवाला आला. ती पाणी आणायला आत गेली. *पाणी घेऊन बाहेर आले, दारात कोणीच नाही…*

पडदा काळा झाला.

खरखर ऐकू येत होती. जुन्या बंद खोलीतली खरखर. त्या आवाजात आई घडी घालत उभी होती आणि बाबा तिच्या हातांकडे बघत होते, हे त्या हॉलमध्ये फक्त मला आणि मावशीला माहीत होतं. एक खुर्ची करकरली. कोणीतरी घसा खाकरला. डावीकडे एक मोबाइल उजळला, आणि दंतवैद्यांचं बरोबर होतं, त्याच्यामागोमाग आणखी दोन उजळले. *घोडा तेवढा थांबला!* आई म्हणाली, आणि ते शब्द कुणाच्याही अंगाला न लागता भिंतीपर्यंत आले.

दुसऱ्या कडव्याला आणखी वाईट झालं. पडदा काळा होताच मागून कुणीतरी टाळी वाजवली, ऑपरेटरला जागं करायला वाजवतात तशी. "अहो, गेलं पुन्हा!" असा एक आवाज आला. दोघं उठून दाराकडे निघाले. चहाला निघाले असावेत.

मी भिंत सोडली. वरच्या केबिनमध्ये दुरुस्तीवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे जोडलेली प्रतही तयार होती. मला धावत वर जायचं होतं आणि सांगायचं होतं, बंद करा, ती दुसरी लावा, तिला असं उभं करू नका. जिना हॉलच्या पुढच्या बाजूला होता. मी मधल्या वाटेने चालू लागले. पाय चालत होते आणि गाणं माझ्यापेक्षा वेगाने चालत होतं.

*एक आला पायी पायी, बोललाच नाही काही,*
*त्याच्याशीच लग्न केलं, म्हटलं बोलेल कधीतरी,*
*वर्षं गेली, केस पिकले…*

काळोख. मी मधल्या वाटेत, दोन्ही बाजूंना गुडघे, समोर काही दिसत नाही. आणि पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला. कपडेपटाच्या या टोकाकडून त्या टोकाला कैची मागणारा आवाज.

"दिवे गेले बाई! आता अंधारात तरी बोलेल का तो?"

 मग कुठेतरी उजवीकडे एका बाईला आवरेना. मग तिच्या शेजारणीला. मग सगळा हॉल एकदम फुटला. लहान मुलंही हसली, त्यांना काय कळलं कोण जाणे. मावशीचं ते घोड्यासारखं हसू सगळ्यांच्या वर. हशा चढला, टोकाला गेला, आणि ज्या घटकेला तो उतरू लागला, अगदी त्याच घटकेला पडद्यावर उजेड आला, आई प्रेक्षकांकडे वळली, हातात चौपदरी घडी घातलेलं फडकं, आणि म्हणाली:

*अजून बोलत नाही!*

पुढचं ध्रुवपद कुणालाही ऐकू आलं नाही. दाराशी पोचलेले दोघं परत फिरले होते. त्यातल्या एकाचा एक पाय अजून बाहेरच होता. मी ते नीट पाहिलं, कारण पडद्याकडे मला बघवत नव्हतं. माझ्या हातात कार्यक्रमपत्रिका होती. तिची मी कधी चौपदरी घडी घातली होती, मला कळलं नव्हतं.

"वन्स मोअर!" मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले.

गाणं पुन्हा लावलं. या वेळी पहिल्याच काळोखात लोक हसले, मावशीने तोंडही न उघडता. त्यांना आता माहीत होतं की ती जागा त्यांची आहे. दुसऱ्या जागेत कुणीतरी "आरसा पुस नीट!" म्हणालं. तिसऱ्या जागेत तर निम्मा हॉल एका सुरात "बोल रे!" म्हणाला. मी मावशीच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते आणि उठले नाही.

"पहिल्या दोन वेळा का नाही बोललीस?" मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं. "जीव गेला असता माझा."

"खोकल्याची गोळी होती तोंडात," ती म्हणाली. "काढायला नको? टाचण्यांची सवय. गिळली असती म्हणजे?"

गर्दी पांगल्यावर दुरुस्तीवाल्या बाई केबिनमधून खाली आल्या. मागोमाग अध्यक्ष. त्यांचे डोळे लाल होते आणि ते दोन्ही हातांनी गाल चोळत होते. "दुखतायत हो," म्हणाले. "सवय नाही."

"हीच प्रत ठेवू," बाई म्हणाल्या. "फक्त एक विचारायचं होतं. शेवटी, 'अजून बोलत नाही' म्हटल्यावर हसू मावलं नाही. ध्रुवपद बुडालं. तुम्ही म्हणत असाल तर तिथे थोडी जागा वाढवून देते. आवाज लांबवता येतो."

मी काही बोलायच्या आत मावशीने काठी फरशीवर आपटली. "मोठी बहीण मी. मला विचारा."

"सांगा ना, मावशी," बाई म्हणाल्या.

"तेव्हाच सांगितलं होतं मी तिला. म्हटलं, शेवटी हात राखू नकोस, लोक पुष्कळ हसतील. तर म्हणाली, ताई, शेवटाला एवढं कुणी हसत नाही, सगळे चपला शोधत असतात. ऐकलं नाही माझं." मावशीच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. तिने शालीने तोंड पुसलं आणि माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. "चुकली ती. राहू दे तेवढीच. तिची चूक आहे, कुणी दुरुस्त करू नका."

बाहेर जाताना ती माझ्या दंडाला धरून हळूहळू चालत होती. तिच्याबरोबर मलाही हळू चालावं लागत होतं. दारापाशी ती थांबली. मला वाटलं, दम लागला.

"काय गं?"

तिने काठी माझ्या हातात दिली. पिशवीतून रुमाल काढला, अर्धा केला, चौपदरी केला, कडेवरून बोट फिरवलं. मी वाट पाहिली.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

मी हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मावशी माझं हसून होईपर्यंत दारात थांबली आणि मग आम्ही निघालो.